मडमचा उलटा वारा

"हे डबडं घेऊन कारध्याच्या मांडवात जाशीन तं माह्या तोंडाले काळं लागन," पुंडलिकराव म्हणाले, आणि ओसरीवरूनच अंगणात पचकन थुंकले.

"डबडं नाही, बाबा. गाडी हाय," टेकचंद म्हणाला.

"गाडी! चार चाकं असली म्हनून गाडी होते काय? मंग आपल्या खाटेलेबी चार पाय हायेत. जुपू का थेले नांगराले?"

शकुन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गुड्डीला मांडीवर घेऊन बसली होती. सासरे आणि नवरा भांडायला लागले की तिचा एक कान भांडणाकडं आणि एक हात पोरीच्या कपाळावर असे. गुड्डी आठ महिन्यांची होती. कपाळ थंड होतं. तरी हात तिथंच राहिला.

भांडण जिच्यावरून चाललं होतं ती अंगणात चिचेच्या झाडाखाली उभी होती. सारं चिचटोला गाव तिला मडम म्हणे. ती विलायतेत जन्मलेली, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर एका साहेबापाशी नांदलेली. साहेब गेला तशी खाणीच्या शेडमध्ये दहाबारा वर्षं कोंबड्या सांभाळत बसली, आणि शेवटी लिलावात टेकचंदच्या नशिबी आली. रंग हिरवा होता की करडा, याबद्दल गावात दोन पक्ष होते. पण एक गोष्ट सगळ्यांना मान्य होती: मडमला इथलं ऊन सोसत नाही. दोन कोस चालली की तिचं डोकं तापे, नाकातून वाफ निघे, आणि ती रस्त्यात बसून घे.

त्यातच गेल्या होळीला तिच्या लोखंडी पंख्याचं एक पातं तुटलं. ते बोनेट फाडून जे उडालं ते थेट शेजारच्या मंगरूच्या छपराचे चार कवेलू फोडून त्याच्या वरणात पडलं. तसा पंखा नागपुरातही मिळेना. उरलेली पातीही टेकचंदनं काढून टाकली, आणि तेव्हापासून मडम बिनपंख्याची होती.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," पुंडलिकराव म्हणाले. "आपल्या तं व्याह्यानंबी नाही धाडलं, आपनच बोलावून आनलं. आयक. बंदी, सारीच्या सारी वरात टरकनं जाईन. धनीराम टरकनं जाईन."

"नवरदेव टरकात? धानाच्या पोत्यासारखा?" टेकचंदचा आवाज चढला. "माह्या सख्ख्या भावाले मी मडममंधीच नेईन."

मग पुंडलिकरावांनी तो शब्द टाकला. भंडाऱ्याचा भंगारवाला भय्याजी लग्नाला येणारच होता, मुलीकडच्यांच्या ओळखीचा. "गोरजाच्या आत माहा धनीराम कारध्याच्या मारुतीच्या पारावर उतरला तं तुही गाडी राहीन. नाही उतरला तं भय्याजी तिथूनच घेऊन जाईन अन् कापून टाकीन. मंजूर?"

"मंजूर!" टेकचंद ओरडला. पुरुषांचं असंच असतं. मंजूर आधी, विचार मागून.

शकुननं मात्र गुड्डीला आणखी जवळ ओढलं.

शिमग्याच्या आठवड्यात गुड्डीला ताप चढला होता. भर दुपारी पोर एकाएकी ताठ झाली, डोळे वर गेले, ओठ निळे पडले. लाखांदूरची यष्टी तीन वाजता येणार होती. टेकचंदनं मडम काढली. पाण्याचे तीन पिंप आणि वाटेत भेटलेलं प्रत्येक तळं, प्रत्येक बोडी तिला पाजत पाजत त्यांनी भंडारा गाठलं. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, ताप आला की झटका पुन्हा येऊ शकतो, वाट पाहत बसू नका. वाट पाहायची नाही म्हणजे काय करायचं, हे चिचटोल्यात एकट्या मडमला ठाऊक होतं. तेव्हापासून शकुन त्या गाडीकडं, नवी सून सासूकडं पाहते तशी पाही. धाकही वाटे, आणि तिच्यावाचून चालायचंही नाही.

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा टेकचंद नागपूरहून एक पोतं घेऊन आला. पोत्यातून निघाला पंखा. विजेचा. कुठल्याशा चुराडा झालेल्या परदेशी मोटारीचा. काळी पाती, मागं मुठीएवढी मोटर, आणि तिला दोन वायरी, एक लाल, एक काळी. हा इंजिनाच्या जोरावर फिरणारा नव्हता. बॅटरीवर फिरणारा होता.

तो बसवायला लाखांदूरहून चिंधू आला. चिंधू आयटीआयचा वायरमन. राइसमिलची मोटर त्याची, शेतातले पंप त्याचे, लग्नातला भोंगाही त्याचाच. गळ्यात टेस्टर सोन्याच्या साखळीसारखा लटकवून तो चाले. त्यानं मडमचं तोंड उघडलं, पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधोमध जुन्या सायकलच्या कॅरिअरच्या पट्ट्या आवळल्या आणि त्यावर पंखा बसवला. मग बोट नाचवत म्हणाला, "पाहा. बॅटरीकडून आलेली तार फ्यूजमंधून बटनात, बटनातून लालले. अन् काळी सिध्धी बॉडीले. झालं. याच्यात बरम्हदेवबी चुकणार नाही."

टेकचंदनं बटण दाबलं.

घर्रर्र! पंखा फिरला, आणि मडमच्या जाळीतून असा झोत सुटला की समोर उभ्या असलेल्या पुंडलिकरावांची टोपी उडून आडात जाता जाता राहिली.

"आलाऽ! वारा आलाऽ!"

मे महिन्याची दुपार. झाडाचं पान हलत नव्हतं, कुत्री न्हाणीतल्या चिखलात पडलेली. आणि अशात मडम तोंडानं वारा सोडत होती! पाच मिनिटांत अर्धं गाव तिच्यापुढं येऊन बसलं. मंगरूनं सदरा काढला. बायांनी पदर सैल केले. पुंडलिकरावांची विधवा थोरली बहीण, गोदावरी आत्याबाई, हिनं तर खाटच ओढत आणली, खाटेवर लग्नाच्या शेवया पसरल्या आणि स्वतः केस मोकळे सोडून मडमकडं पाठ करून बसली.

"हे खरी गाडी," आत्याबाई डोळे मिटून म्हणाली. "हिले चालवूच नका बापा. इथंच राहू द्या."

टेकचंद फुगून भोपळा झाला होता. चिंधू विडी ओढत गर्दीला सांगत होता, "आयटीआय म्हंजे आयटीआय."

शकुन गुड्डीला कडेवर घेऊन मागं उभी होती. सगळे हसत होते, तीही हसत होती. पण भंडाऱ्याच्या कॉलेजात तीन वर्षं फिजिक्सच्या बाकावर बसलेली शकुन आतून टोचत होती. पंखा कोणासाठी आणला? इंजिनासाठी. इंजिन कुठं आहे? पंख्याच्या मागं. आणि वारा कोण खातंय? पुढं बसलेली आत्याबाई.

ती हळूच चिंधूजवळ गेली. "चिंधूभाऊ, वारा समोर फेकून राहिला हा. आत नाही का जायला पाहिजे?"

"वहिनी," चिंधू मोठ्या मायेनं म्हणाला, "पंख्याचा वारा समोरच येते. टेबलफॅन पाहा. सिलिंगफॅन पाहा. पाठीमागं वारा देनारा पंखा तुमी कोठी पाहिला?"

"पण लाल-काळी बदलून—"

"लालले लाल, काळीले बॉडी. पहिल्या दिवशीचा धडा हाय हो."

"आमच्या घरी शिकलेली सून हाय," आत्याबाई डोळे न उघडता म्हणाली. "वाऱ्यालेबी पत्ता इचारते."

सगळे खदाखदा हसले. शकुनला वाटलं, असेल बुवा. तीन वर्षांत तिनं कॉलेजात मोटर पाहिली होती ती पुस्तकातल्या चित्रात, आणि चित्रातली मोटर कुणाची टोपी उडवत नाही. इंजिन चालू करून पाहावं असंही तिच्या मनात आलं. पण पेट्रोल लग्नासाठी राखलेलं. शिवाय पंखा बंद केला असता तर गावानं टेकचंदला वाळीत टाकलं असतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला ट्रक वरात घेऊन निघाला. पुंडलिकराव पुढं ड्रायव्हरजवळ बसले. जाता जाता खिडकीतून आकाशातला सूर्य टेकचंदला दाखवला, आणि बोटानं तो बुडवूनही दाखवला.

मडम निघायला एक वाजला. आत्याबाईचा एक नेम होता. हळद लागलेला नवरदेव एकदा वाहनात बसला की मुलीच्या गावच्या मारुतीच्या पारापर्यंत त्याचा पाय जमिनीला लागता कामा नये. तिच्या भावाच्या लग्नात लागला होता. म्हणून, ती म्हणे, पुंडलिकचं डोकं असं आहे. तेव्हा धनीरामला बाशिंग-कट्यारीसकट उचलून पुढच्या बाकड्यावर मधोमध बसवलं. एका बाजूला टेकचंद, दुसऱ्या बाजूला नवरदेवाचा दंड धरून आत्याबाई. मागं आहेराची ट्रंक, पाण्याचे पिंप, पंख्याचा डॉक्टर म्हणून चिंधू, आणि शकुन, मांडीवर गुड्डी, गुड्डीच्या डोक्यावर ओला रुमाल.

मडममध्ये एक काटा होता, पाणी किती तापलं ते दाखवणारा. शकुन मागच्या बाकावरून वाकून वाकून तो पाही. घरी थर्मामीटर पाही तसाच.

पहिला कोस काटा शहाण्यासारखा बसला. दुसऱ्या कोसाला उठला. लाखांदूर मागं पडलं आणि तो उजवीकडं असा पळत सुटला, जणू मुलीचा बाप तिकडंच उभा आहे.

"अजी, काटा पाहा."

"पंखा चालू हाय," टेकचंद म्हणाला.

"पंखा चालू हाय, पण काटाबी चालू हाय ना!"

फस्स्स! वाफेचा भपका काचेवर आला. पहिला मुक्काम. एक पिंप संपला. कोसभर गेली, पुन्हा फस्स्स. दुसरा पिंप. मग एक बोडी, तिच्यात म्हशी. आत्याबाईनं म्हशींना हाकलून पाणी भरलं. मग एक बोअरिंग, तिथं चिंधूनं हापसून हापसून सदऱ्याची बगल फाडून घेतली. मागून येणारी यष्टी पुढं गेली. परतीची यष्टी समोरून आली. एक छकडा पुढं गेला. छकडेवाल्यानं विचारलं, "काय गा, कोनाची वरात?"

"आमचीच!" आतून नवरदेव ओरडला.

"मंग घोडं मांगून येऊन राहिलं काय?" तो म्हणाला, आणि बैलाची शेपटी पिळून निघून गेला.

ढकलायची वेळ आली की आणखी मजा. टेकचंद चाकावर. ढकलायला चिंधू, शकुन आणि साठीतली आत्याबाई. आणि धडधाकट चोवीस वर्षांचा नवरदेव गुड्डीला मांडीवर घेऊन आत बसून म्हणतोय, "लावा जोर! लावा जोर!"

"मले उतरू देना वो आत्याबाई. एका धक्क्यात चालू करतो."

"पाय काढून पाह्यजो खाली. तंगडं तोडीन."

साकोली आली तेव्हा चार वाजून गेले होते. मोठा रस्ता लागला, टेकचंदनं जरा दामटली, तशी ती जास्तच तापली. लाखनीच्या पुढं दीड कोसावर, एका मोहाच्या झाडाखाली, मडमनं शेवटची वाफ सोडली आणि ठाण मांडलं. टेकचंदनं इंजिन बंद केलं. पंखा मात्र फिरत ठेवला, तेवढंच निवेल म्हणून.

ऊन पिवळं पडायला लागलं होतं. टेकचंद चाकावर डोकं टेकून बसला.

"भय्याजी मोजून घेईन लोखंड," तो म्हणाला. आवाजात चिडही उरली नव्हती.

शकुनला एकदम तीन वाजताची यष्टी दिसली. रिकामा रस्ता दिसला आणि मांडीवर ताठ झालेली पोर. तिनं गुड्डीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार, पण खालून मांडी ओली. पोरीनं आपलं काम करून ठेवलं होतं.

पिंपातल्या तळाच्या पाण्यात तिनं लंगोट खळबळून पिळला. वाळत कुठं घालावा? समोरच्या जाळीत पंखा गरम वारा सोडत होता. तिनं लंगोट जाळीवर पसरला.

लंगोट फडफडला, फुगला आणि सुर्रकन उडून रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसला.

तिनं उचलून आणला. पुन्हा पसरला. पुन्हा उडाला. या खेपेला दगड ओलांडून पळसाच्या झुडपात.

धनीराम आतून हसायला लागला. "वहिनी, गुड्डीचा लंगोट आपल्याआधी कारध्याले पोहोचते पाहा!"

पण शकुन हसली नाही. ती जाळीपुढं तशीच उभी राहिली. वारा तोंडावर येत होता. भाजका, रेडिएटरमधून निघालेला. म्हणजे आतली धग बाहेर येतेय, असं पाहिलं तर बरंच. पण गाडी पळते तेव्हा? पळत्या गाडीला वारा समोरून येतो. तो आत शिरायला पाहतो. आणि आतून हा पंखा त्याला बाहेर ढकलतो. दामटली की जास्त तापते ती याचसाठी! तिच्या अंगावर काटा आला. आनंदाचा.

"आत्याबाई!" ती ओरडली. आत्याबाईशी ती आजवर कधी ओरडून बोलली नव्हती. "खळ्यावर धान उडवताना तोंड कोणीकडं करता?"

"आता धान कायले?"

"सांगा ना!"

"वाऱ्याकडं पाठ करावं लागते. नाही तं बंदा कोंडा नाकातोंडात."

"अन् पूर्वेचा वारा वाहून राहिला, तवा पश्चिमेकडून कोणी सुपानं वारा घातला तं?"

"तं थो येडा. दोन वारे भिडले का कोंडा जागच्या जागी गरगर करते. ना धान साफ, ना कोंडा दूर."

"तेच होऊन राहिलं! गाडी पळते तं वारा समोरून आत येते, अन् आपला पंखा आतून बाहेर फुकते. दोघंबी मधात भांडून राहिले अन् पाणी उकळून राहिलं. आपण अंगणात वारा खाल्ला तो इंजनाच्या तोंडचा होता!"

आत्याबाईनं क्षणभर विचार केला. मग चिंधूकडं वळली. "मंग पंखा येडा हाय, असं सांग ना बे सरळ!"

चिंधूला हे लागलं. "पंखा येडा नाही म्हंजे लावनारा येडा, असंच ना? वहिनी, लाल वायर प्लसलेच लागली हाय."

"प्लस कोणता, ते पाहिलं काय?"

"पाहाचं काय त्याच्यात? बॉडी मायनस असते. टॅक्टर घ्या, टरक घ्या, यष्टी घ्या. भारतातली बंदी बॉडी मायनस!"

"अन् भारतातली नसन तं?"

चिंधूनं सावकाश मान वळवून मडमकडं पाहिलं. वाकडं बोनेट, दोन मोठे डोळे, विलायती नाक. मडमही त्याच्याकडं पाहत होती.

"टेकचंदभाऊ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हिची बॅटरी कोठी हाय?"

"आत्याबाईच्या बाकड्याखाली."

आत्याबाई खालीच होती, पण बाकड्यावर नवरदेव होता, आणि नवरदेवाचा पाय जमिनीला लागायचा नव्हता. तेव्हा धनीराम बाशिंग सांभाळत टपावर चढला. बाकडं उचललं. चिंधू आत डोकं खुपसून राहिला. बराच वेळ त्याची फाटकी बगल तेवढी दिसत होती.

मग आतून आवाज आला. रडतोय की हसतोय, कळेना. चिंधू बाहेर आला तो पोट धरून रस्त्यावरच बसला.

"गंडवलं! मडमनं मले गंडवलं! प्लसचा जाड पट्टा बॉडीले, अन् मायनस बटनाकडं! बंदं उलटं! मी लालले मायनस देल्लं अन् काळीले प्लस. मोटर बिचारी काय करीन? उलटी फिरली!" तो डोळे पुसत उठला. "इंग्रज गेले, पन जाता जाता चिंधूची आयटीआय खाऊन गेले!"

"बोलत नको बसू," टेकचंद एकदम जिवंत होऊन म्हणाला. "सूर्य पाह्य."

दोन वायरी सोडवायच्या, लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल, वर चिकटपट्टी. चिंधूच्या हाताला काय वेळ? लाखनीकडून आलेल्या एका टरबूजवाल्याकडून टेकचंदनं दोन डबे पाणी मागून आणलं. बटण दाबलं.

घर्रर्र.

आत्याबाई सवयीनं जाळीपुढं तोंड करून उभी होती. "बंद पडला ना बे! वारा गेला! होता थोबी घालवला तुमी!"

शकुननं लंगोट जाळीपुढं धरला आणि सोडून दिला.

लंगोट पडला नाही. जाळीला चिकटला. चारी कोपरे ताणून, वटवाघळासारखा, आपला आपणच.

मग टपावरचा नवरदेव टाळ्या वाजवायला लागला, चिंधूनं शिट्टी मारली, टरबूजवाल्यालाही काही न कळता भरून आलं आणि त्यानं एक टरबूज फोडून सगळ्यांना फाका वाटल्या. गुड्डी खिदळली. शकुनला रडू आणि हसू एकत्रच फुटलं, ते तिनं टरबुजाच्या फाकेत लपवलं.

पुढची वाट म्हणजे वाट नव्हती, जत्रा होती. मडम पळत होती. काटा मध्यावर येऊन असा बसला की शकुनला वाटलं मोडला की काय. दर दोन मिनिटांनी ती वाकून खात्री करी. इंजिनाची धग आता आत येऊन सगळ्यांचे पाय भाजत होते, पण तक्रार करायला कोणाला वेळ नव्हता. आत्याबाईनं तिथल्या तिथं गाणं जुळवलं:

"मडम माही धावली वो, लंगोट पाहून पावली वो,
शिकलेली सून आमची, वाऱ्याले वाट दावली वो!"

चिंधू ट्रंकेवर ताल धरत होता. वाटेत एक छकडा दिसला, मघाचा नव्हे, दुसराच. धनीराम खिडकीतून अर्धा बाहेर निघून ओरडला, "घोडं पुढं चाललं गाऽ!"

कारध्याची शीव आली. वैनगंगेचा पूल दिसला, आणि पुलाच्या वर सूर्य. मारुतीच्या पारावर पुंडलिकराव कपाळावर हात धरून उभे होते. बाजूला भय्याजी तोंडात पान कोंबून, कापायच्या बैलाकडं पाहावं तसा रस्त्याकडं पाहत होता. मडम हॉर्न वाजवत पाराला भिडली. चिंधू आणि टेकचंदनं धनीरामला उचलून थेट पारावर ठेवलं. सहा तास बाकड्यावर बसून त्याचे पाय बधिर झाले होते. तो मारुतीपुढं उभा न राहता लोळणच घेऊन पडला, आणि लोकांना वाटलं, काय हा भक्तिभाव!

"झाली ना गोरज," भय्याजी म्हणाला.

"सूर्य कोठी हाय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"बुडालाच म्हना."

पुंडलिकरावांनी हात लांब करून चार बोटं आडवी धरली, एका डोळ्यानं पुलाकडं पाहिलं. "चार बोटं बाकी हाय. भय्याजी, मांडवात चला. जेवन चांगलं हाय."

टेकचंदकडं त्यांनी पाहिलंही नाही. फक्त जाता जाता मडमच्या बोनेटवर तळवा ठेवला. चटका बसायची वाट पाहत तो तिथंच ठेवला. बसेना, तसे ते आणखी थोडे थांबले. "कोनं सुधरवली?"

"वहिनीनं," चिंधू म्हणाला. "म्हंजे हात माहा. डोकं त्याईचं. चूक मडमची."

लग्न लागलं. जेवणं झाली. भय्याजी इतका जेवला की वरातीच्या मुक्कामी, जानोशातच झोपला.

सकाळी पुंडलिकराव गुड्डीला स्वतः उचलून घेऊन आले. "सूनबाई, पूल पार केला का डॉक्टर हाय. दाखवून घेऊ. ताप नसतानाच दाखवावं. तापात मानूस घाबरते."

शकुननं पदर सारखा केला आणि मान हलवली.

भय्याजीलाही पलीकडंच जायचं होतं. यष्टी निघून गेली होती. तो खाली मान घालून मडममध्ये मागं बसला, ज्या गाडीचे तुकडे न्यायला आला होता तिच्यातच. खाली नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या हिरव्या दिसत होत्या. अर्धा पूल झाला. मग भय्याजीनं दाराची कडी उघडून लावून पाहिली. खाली पायानं पत्रा ठोकून पाहिला. घसा खाकरला.

"टेकचंदभाऊ, माह्या आवारात अशीच एक पडली हाय. ईलायतीच. उद्या कापाले घेतो. तुमाले पाहाची असन तं..."

टेकचंदचे दोन्ही कान टवकारले. शकुननं मागून त्याच्या पाठीला असा चिमटा काढला की मडम पुलावर डुलली. "नाही! मुळीच नाही, भय्याजी. एक पुरे हाय आमाले!"

पूल संपत आला. पुढं बसलेल्या पुंडलिकरावांनी नातीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं, आणि समोर रस्त्याकडं पाहत हळूच म्हणाले,

"आता इतके आलोच हाओ, तं पाहाले काय जाते?"